उंच इमारती आणि वारा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे उंच इमारतींवरील वाऱ्याच्या परिणामाविषयी होती. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने संपूर्ण विषयाच्या गाभ्यालाच हात घातला असल्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आम्ही मुंबईत परळ भागात एका साठ मजली टॉवरमध्ये ५४व्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात सोसाट्याचा वारा सुटला की दिवाणखान्यातले झुंबर हलते, बादलीतले पाणी हिंदकळते आणि माझ्या सासूबाईंना गरगरल्यासारखे होते. आमची इमारत कमकुवत आहे का?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या गोष्टींवरून इमारत कमकुवत आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. वाऱ्यात उंच इमारत दोन प्रकारे हलते. वाऱ्याचा सरासरी जोर तिला किंचित एका बाजूला झुकवून ठेवतो आणि त्या झुकलेल्या स्थितीभोवती ती झोतांमुळे मागेपुढे डोलत राहते. पहिल्या प्रकारची हालचाल आपल्या शरीराला मुळीच कळत नाही. दुसरी मात्र कळते, कारण माणसाच्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला विस्थापनापेक्षा, म्हणजे जागेवरून सरकण्यापेक्षा, त्वरण, म्हणजे वेगात होणारा बदल, अधिक जाणवतो.

आपली इमारत सुमारे २०० मीटर उंच आहे आणि तिचा एक हेलकावा पूर्ण व्हायला ५ सेकंद लागतात असे धरू. अशा इमारतीचा माथा मध्यापासून दोन्ही बाजूंना केवळ ३ सेंटिमीटर सरकत असेल, तरी तेथील त्वरण दर सेकंद वर्ग ०.०५ मीटरच्या घरात जाते आणि एवढे त्वरण बऱ्याच लोकांना जाणवू लागते. उंच इमारतींच्या रचनेसाठी असलेल्या भारतीय मानक १६७०० मध्ये निवासी इमारतीसाठी ०.१५ ही मर्यादा घातली आहे. आपल्या उदाहरणात ती सुमारे साडेनऊ सेंटिमीटरच्या हेलकाव्याला गाठली जाईल. ही मर्यादा दहा वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या वाऱ्यासाठी असून ती रहिवाशांच्या स्वास्थ्याची आहे. तिचा इमारतीच्या मजबुतीशी थेट संबंध नाही. वाऱ्यामुळे माथ्याचे एकूण विस्थापन उंचीच्या पाचशेव्या भागापर्यंत, म्हणजे आपल्या इमारतीत ४० सेंटिमीटरपर्यंत, मान्य केलेले आहे. म्हणजे सासूबाईंना गरगरू लागते तेव्हा इमारत त्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे असते.

मजबुतीचा हिशेब वेगळा होतो. मुंबईसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, दिला आहे. मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवर तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचा हा वेग आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाबा भागात ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या झोताचा दाब मूलभूत वेगाच्या दाबाच्या जेमतेम निम्मा भरतो. शिवाय आराखड्यात या भारावर सुरक्षेचा गुणक लावलेला असतो तो निराळाच.

तथापि, काही गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. खोल्यांमधील भिंतींना तिरक्या भेगा पडून त्या दर पावसाळ्यात रुंदावत असतील, दारे चौकटीत अडकू लागली असतील, किंवा काचेच्या तावदानांभोवतीचे सीलंट सुटून पाणी आत येत असेल, तर सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी. माथ्यावर काही दिवस त्वरणमापक बसवून इमारतीचा प्रत्यक्ष आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, आणि हेलकाव्यांची तीव्रता मोजता येते. हे काम फार खर्चाचे नाही आणि त्यातून मिळणारे उत्तर कोणाच्याही अंदाजापेक्षा भरवशाचे असते. सासूबाईंचा त्रास खरा आहे, तो मनाचा खेळ समजू नये. वादळी दिवसांत शक्य असल्यास त्यांनी खालच्या मजल्यावर थांबावे, कारण खाली येऊ तशी हालचाल झपाट्याने कमी होते.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात कराडला शिकते. मानकातील सूत्राने दाब काढून तो प्रत्येक मजल्यावर लावला की वाऱ्याचे विश्लेषण संपले, अशी माझी समजूत होती. मग विंड टनेलमधील, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यातील, चाचणी कशासाठी करतात? आणि इमारत वाऱ्याच्या दिशेला काटकोनात डोलते असे आमच्या सरांनी सांगितले, ते कसे घडते?

उत्तर : आपली समजूत ठेंगण्या इमारतींपुरती बरोबर आहे. मूलभूत वेगाला वादळाच्या पुनरावृत्तीचा, उंची व भूभागाचा, टेकड्या-उतारांचा आणि चक्रीवादळी किनाऱ्याचा असे चार गुणक लावून त्या उंचीवरचा वेग काढायचा आणि त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणायचे, की दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. सारे गुणक १ धरले तर मुंबईसाठी तो सुमारे ११६० न्यूटन येतो, म्हणजे दर चौरस मीटरला अंदाजे ११८ किलो वजनाचा रेटा. या हिशेबात इमारत ही निमूटपणे उभी राहून मार सोसणारी वस्तू मानलेली आहे. परंतु उंची तळाच्या लहान बाजूच्या पाचपटीहून अधिक झाली, किंवा इमारतीची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला एका आवर्तनापेक्षा कमी झाली, की हे गृहीतक सोडून गतिक परिणाम तपासावेत असे मानकच सांगते. त्यानंतर इमारतीवर किती भार येतो हे वाऱ्याइतकेच इमारतीवरही अवलंबून असते. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि अभ्यासक्रमात तिच्यावर हवा तितका भर दिला जात नाही.

वारा एकसारखा वाहत नाही. त्यात मिनिटभर रेंगाळणारे मोठे झोत असतात तसेच क्षणभराचे छोटे झोतही असतात. यांपैकी ज्या झोतांची लय इमारतीच्या लयीशी जुळते ते तिला अधिकाधिक डोलवतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका रेटाही त्याला उंच नेतो, तसेच हे आहे. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील अॅलन डेव्हनपोर्ट यांनी १९६० च्या दशकात हा प्रश्न संख्याशास्त्राच्या आधारे मांडला. झोतांची ऊर्जा कोणत्या वारंवारतेला किती आहे याचा आलेख घ्यायचा, इमारत कोणत्या वारंवारतेला किती प्रतिसाद देते याचा आलेख त्याला लावायचा आणि त्यांतून अपेक्षित कमाल हालचाल काढायची, ही त्यांची रीत होती. आपल्या मानकातील झोत-गुणकाची पद्धत याच विचारातून आलेली आहे.

आता आडव्या हालचालीविषयी. वारा चौकोनी टॉवरच्या दोन्ही कडांवरून सुटतो तेव्हा मागच्या बाजूला भोवरे तयार होतात. ते दोन्ही कडांवर एकाच वेळी सुटत नाहीत. आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा, असे आळीपाळीने सुटतात. ज्या बाजूचा भोवरा तयार होत असतो त्या बाजूला दाब कमी होतो आणि इमारत तिकडे ओढली जाते. त्यामुळे वारा पश्चिमेकडून येत असला तरी इमारतीला उत्तर-दक्षिण असे हेलकावे बसतात. हे भोवरे किती वेळाने सुटतात हे वाऱ्याचा वेग आणि इमारतीची रुंदी यांवरून ठरते. स्ट्रौहाल अंक म्हणून एक गुणांक आहे; चौकोनी आकारासाठी तो साधारण ०.१२ धरतात. त्याला वेगाने गुणून रुंदीने भागले की भोवऱ्यांची वारंवारता मिळते.

एक हिशेब करून पाहा. इमारतीची रुंदी ३० मीटर घ्या आणि आवर्तनकालासाठी उंचीला ४६ ने भागण्याचा व्यवहारी नियम वापरा. २०० मीटरच्या इमारतीचा आवर्तनकाल सुमारे ४.३५ सेकंद येतो, आणि भोवऱ्यांची लय तिच्याशी जुळण्यासाठी सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास सरासरी वेग लागतो. एवढा सरासरी वेग मुंबईसाठीच्या आराखड्याच्या हिशेबात येत नाही. तीच रुंदी ठेवून उंची ३०० मीटर केली तर आवर्तनकाल साडेसहा सेकंद होतो आणि लय जुळण्याचा वेग सेकंदाला ३८ मीटरवर उतरतो. समुद्राकाठच्या मोकळ्या भागात ३०० मीटर उंचीवर, झोताचा नव्हे तर तासाभराच्या सरासरीचा विचार केला, तरी हा वेग आराखड्याच्या वादळात येऊ शकतो. उंची दीडपट झाली तेव्हा दाब फारसा वाढला नाही, परंतु इमारत भोवऱ्यांच्या पट्ट्यात आली. म्हणूनच सडपातळ टॉवरमध्ये वाऱ्याच्या दिशेतील हालचालीपेक्षा आडवी हालचाल पुष्कळदा भारी ठरते.

यावर निव्वळ काँक्रीट आणि सळ्या वाढवत राहणे हा महागडा उपाय आहे. आकार बदलणे हा शहाणपणाचा. तैवानमधील ५०८ मीटर उंचीच्या तैपेई १०१ या इमारतीचे कोपरे पायऱ्यांसारखे आत घेतल्यामुळे वाऱ्याचा भार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचा आराखडा तीन पाकळ्यांचा आहे आणि वर जाताना पाकळ्या एकामागून एक गळत जातात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर रुंदी बदलते. रुंदी बदलली की भोवऱ्यांची वारंवारता बदलते, आणि संपूर्ण उंचीवर एकाच लयीत भोवरे सुटणे अशक्य होते. स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आकार विंड टनेलमधील चाचण्या पुन:पुन्हा करत घडवला.

विंड टनेलची गरज इथेच येते. भोवरे, कोपरे, शेजारच्या इमारती यांचा एकत्रित परिणाम कोणत्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून १५० मीटरपेक्षा उंच किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या इमारतींसाठी मानकानेच ही चाचणी सांगितली आहे. साधारण ३०० ते ४०० पट लहान प्रतिकृती फिरत्या तबकडीवर ठेवतात आणि काहीशे मीटर परिघातील आजूबाजूच्या इमारतींच्या प्रतिकृतीही भोवती मांडतात. बोगद्यात येणारा वारा आधी ठोकळ्यांच्या रांगांवरून नेतात, म्हणजे जमिनीजवळ मंद आणि वर वेगवान असा नैसर्गिक वाऱ्यासारखा प्रवाह तयार होतो. तबकडी दर वेळी १० अंशांनी फिरवून ३६ दिशांच्या नोंदी घेतात. एका प्रकारच्या चाचणीत प्रतिकृतीच्या तळाशी असलेला संवेदनशील तराजू एकूण बल मोजतो. दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागावरील शेकडो बारीक छिद्रांतून जागोजागचा दाब मोजतात आणि काचेच्या तावदानांचा आराखडा त्यावरून ठरतो. आपल्याकडे चेन्नईची स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर ही संस्था आणि आयआयटी रुरकी येथे अशा कामाची सोय आहे. शक्य असेल तर शिक्षण संपण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन चाचणी प्रत्यक्ष पाहावी, अशी माझी आपल्याला मनापासून सूचना आहे.

दर १० अंशांना नोंद का, असा प्रश्न आपल्याला पडेल. न्यूयॉर्कमधील १९७७ साली पूर्ण झालेल्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरचे मुख्य आधारस्तंभ कोपऱ्यांत नसून बाजूंच्या मध्यावर आहेत. १९७८ मध्ये तिचे अभियंते विल्यम लमेझ्युरिए यांनी कोनातून येणाऱ्या वाऱ्याचा फेरविचार केला, तेव्हा तिरक्या पोलादी आधारांतील बल वाढते आणि वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले सांधे त्याला पुरेसे नाहीत असे त्यांना दिसून आले. मग त्या सांध्यांवर रात्रीच्या वेळी जाड पोलादी पट्ट्या वेल्ड करून ते मजबूत करण्यात आले. समोरासमोरचा वारा तपासून थांबू नये, हा धडा त्यानंतर अभियंत्यांच्या पिढ्यांनी गिरवला आहे.

शेवटी संगणकावरील प्रतिमानाविषयी एक सूचना. भेगा पडलेल्या काँक्रीटची दृढता, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, किती धरता यावर आवर्तनकाल ठरतो, आणि आवर्तनकालावर वाऱ्याचा भार ठरतो. रोजच्या वापरातील हालचाली तपासताना भारतीय मानक १६७०० मध्ये बीमची दृढता ७० टक्के आणि स्तंभांची ९० टक्के धरतात. मजबुतीच्या तपासणीत त्या अनुक्रमे ३५ आणि ७० टक्क्यांवर येतात. हे आकडे विचार न करता भरले, तर पुढचे सारे विश्लेषण कितीही नेटके दिसले तरी वेगळ्याच इमारतीचे होते. अवमंदनाचे, म्हणजे हेलकावे आपोआप विरवण्याच्या इमारतीच्या क्षमतेचेही, तसेच आहे. ते दुप्पट झाले तर लयबद्ध हेलकावे सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, म्हणून १ टक्का धरले की २ टक्के, याने त्वरणाच्या उत्तरात मोठा फरक पडतो.

प्रश्न : मुंबईत उंच इमारतीसाठी भूकंप अधिक महत्त्वाचा की वारा?

उत्तर : भूकंपाचे बल इमारतीच्या वस्तुमानावर अवलंबून असते आणि आवर्तनकाल वाढेल तसे ते वस्तुमानाच्या तुलनेत कमी होत जाते. वाऱ्याचे बल समोर येणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असते, उंचीबरोबर वाढते, आणि आवर्तनकाल वाढला की त्यात लयीची भर पडते. त्यामुळे मध्यम उंचीपर्यंत बहुधा भूकंप आणि त्यापुढे बहुधा वारा निर्णायक ठरतो. मात्र वारा निर्णायक ठरला तरी सांध्यांतील सळ्यांची भूकंपरोधक मांडणी टाळता येत नाही, कारण भूकंपात इमारतीने न तुटता वाकणे अपेक्षित असते.

प्रश्न : आमची २२ मजली सोसायटी ठाण्यात आहे. शेजारच्याच भूखंडावर पन्नास मजली टॉवर उभा राहत आहे. त्यामुळे आमचा वारा अडेल असे काही सभासद म्हणतात, तर काहींना भार वाढेल अशी भीती वाटते. खरे काय?

उत्तर : दोन्ही शक्य आहे आणि ते वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे. नवा टॉवर वाऱ्याच्या बरोबर समोर असेल तर आपली इमारत त्याच्या आडोशाला येऊन सरासरी दाब कमी होईल. तो थोडा बाजूला असेल तर त्याच्या कडांवरून सुटणारे भोवरे आपल्या इमारतीवर आदळतील आणि चढउतार वाढतील. भारतीय मानक ८७५ च्या २०१५ सालच्या आवृत्तीत अशा परस्परपरिणामासाठी गुणक दिले आहेत आणि शेजारील इमारत किती जवळ व कोणत्या कोनात आहे त्यानुसार ते भार ३५ टक्क्यांपर्यंत वाढवतात. अडचण अशी की नवी इमारत आपल्या सोसायटीला हिशेबात धरून बांधली जाते, पण आपली सोसायटी बांधली तेव्हा नवा टॉवर कागदावरही नव्हता.

आपण विकासकाकडे लेखी विचारणा करावी : विंड टनेल चाचणी झाली आहे का, तीत आपल्या इमारतीची प्रतिकृती होती का, आणि आपल्या इमारतीवरील दाबातील बदल मोजला आहे का. आपल्या इमारतीचे मूळ स्ट्रक्चरल नकाशे सोसायटीच्या दप्तरी नसतील तर ते आधी मिळवा, कारण ते नसताना कोणताही सल्लागार ठाम मत देऊ शकणार नाही. आराखडा पुरेसा सुरक्षा गुणक ठेवून केला असेल तर मुख्य सांगाड्याला धोका होण्याची शक्यता कमी असते. पहिला फटका बसतो तो गच्चीवरील पत्र्याच्या शेडला, सोलर पॅनलना आणि कोपऱ्यांतील सरकत्या खिडक्यांना, म्हणून त्यांचे नटबोल्ट पावसाळ्यापूर्वी तपासावेत. याशिवाय उंच टॉवरच्या दर्शनी भागावर आदळलेला वारा खाली उतरून दोन इमारतींमधील बोळातून जोराने वाहतो. मुलांची खेळण्याची जागा त्याच पट्ट्यात असेल, तर झाडांचा किंवा जाळीच्या आडोशाचा विचार आत्ताच करणे चांगले.

प्रश्न : तैपेई १०१ मध्ये टांगलेला मोठा गोळा डोलणे कमी करतो असे वाचले. आपल्या गच्चीवरील पाण्याची टाकी तेच काम करू शकेल का?

उत्तर : करू शकते, परंतु त्यासाठी ती मुद्दाम त्या कामासाठी घडवावी लागते. तैपेईतील गोळा ६६० टन वजनाचा आहे आणि त्याच्या हेलकाव्याची लय इमारतीच्या लयीशी जुळवलेली आहे. इमारत एका बाजूला निघाली की गोळा मागे राहतो आणि त्यांच्यामध्ये बसवलेले तेलाचे डॅम्पर, म्हणजे हालचाल मंदावणारी साधने, ती ऊर्जा उष्णतेत घालवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये सौदेलोर या टायफूनच्या वेळी तो गोळा सुमारे एक मीटर सरकला होता.

पाण्याच्या टाकीत हेच काम हिंदकळणारे पाणी करते आणि टाकीतील जाळ्या किंवा आडपडदे त्याची ऊर्जा शोषतात. पण पाण्याची लय टाकीच्या लांबीवर आणि पाण्याच्या खोलीवर ठरते. ८ मीटर लांबीच्या टाकीत १ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ५.२ सेकंदांच्या लयीत हिंदकळते, म्हणजे साधारण २०० ते २५० मीटरच्या टॉवरला जवळपास जुळेल असे. संध्याकाळपर्यंत पाणी अर्ध्या मीटरवर आले तर तीच लय ७.३ सेकंदांवर जाते आणि टाकीचा उपयोग जवळजवळ संपतो. रोजच्या वापराच्या टाकीवर विसंबता येत नाही ते यामुळेच. अग्निशमनासाठी राखीव ठेवलेले पाणी मात्र खर्चायचे नसते, त्यामुळे पातळी कायम राखता येते आणि काही इमारतींत त्याच साठ्याला डॅम्परचे रूप देतात. आपल्या इमारतीत अशी टाकी असेल तर नकाशांत तिचा तसा उल्लेख असतो. तिच्या आत नवी भिंत घालणे, पातळी बदलणे किंवा जाळ्या काढून टाकणे यांपैकी कोणतेही काम मूळ स्ट्रक्चरल सल्लागाराच्या लेखी संमतीशिवाय करू नये.